किरकोळ म्हणून न सांगितलेलं

दमा, संधिवात, ल्युपस, लहान मुलांचा नेफ्रोटिक सिंड्रोम, त्वचेचे चिवट आजार, काही कर्करोग. या सगळ्यांत कधी ना कधी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची गोळी चिठ्ठीवर येते. ती लिहून देताना बहुतेक डॉक्टर चार गोष्टी सांगतात: गोळी उपाशीपोटी घेऊ नका, मीठ कमी करा, साखर तपासत राहा, आपल्या मनाने बंद करू नका. थोडी सवड असेल तर चेहरा गोल होईल हेही सांगतात आणि हाडांसाठी कॅल्शियम लिहून देतात. छातीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. स्तनांवर रुंद जांभळट चट्टे उमटू शकतात, वजन वाढलं की स्तन जड होतात, त्यांच्या खालच्या घडीत बुरशी फोफावते, पाळी पुढे-मागे होते, बाळंतिणीचं दूध उशिरा उतरू शकतं, पुरुषांच्या छातीवरही चरबी चढते. हे सगळं पेशंटला कळतं ते आरशात, न्हाणीघरात, एकटीला.

हे परिणाम जिवावर बेतणारे नाहीत म्हणून वैद्यकाने त्यांना किरकोळ ठरवलं. किरकोळ ठरल्यामुळे ते सांगायचे राहिले. आणि न सांगितल्यामुळे त्यांतले काही खरोखर जिवावर बेततात. माझं सगळं म्हणणं या तीन वाक्यांत आहे. पुढे जे लिहितो आहे ते त्याच्या पुराव्यादाखल.

हे ज्ञान नवं नाही. हार्वे कुशिंग या अमेरिकी मेंदूशल्यविशारदाने 1912 साली एका तेवीस वर्षांच्या तरुणीचं वर्णन प्रसिद्ध केलं. तिची पाळी थांबली होती, चेहरा भरला होता, अंगावर लव वाढली होती आणि कातडीवर जांभळे चट्टे होते. 1932 साली त्याने असे अनेक रुग्ण एकत्र मांडले आणि त्या अवस्थेला पुढे त्याचंच नाव मिळालं. शरीरात कॉर्टिसोल प्रमाणाबाहेर वाढलं की काय होतं, याचा हा पहिला नीट नकाशा. पोट, मांड्या, काखा आणि स्तन यांच्यावरचे जांभळे चट्टे ही त्यातली ठळक खूण आहे. तेव्हापासून वैद्यकाचं प्रत्येक पाठ्यपुस्तक ती शिकवतं आणि परीक्षेत विद्यार्थी ती घडाघडा सांगतात. तोच विद्यार्थी डॉक्टर होऊन समोरच्या बाईला त्याच जातीचं रसायन गोळीतून देऊ लागला की ही ओळ गळून पडते.

गोळीचा इतिहास तर स्त्रियांच्या शरीरापासूनच सुरू होतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रॉचेस्टर गावच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच हे संधिवाताचे रुग्ण पाहत. गर्भार राहिलेल्या बायकांचे आखडलेले सांधे तेवढे महिने मोकळे होतात आणि बाळंतपणानंतर पुन्हा धरतात, हे त्यांच्या लक्षात आलं. कावीळ झालेल्या रुग्णांमध्येही तसंच दिसलं. शरीरातच काहीतरी आहे जे हा आजार थोपवतं, असा त्यांनी तर्क बांधला. त्यांचे सहकारी एडवर्ड केंडल यांनी अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीतून वेगळं काढलेलं एक द्रव्य सप्टेंबर 1948 मध्ये अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण स्त्रीला टोचलं, आणि ती काही दिवसांत चालू लागली. दोनच वर्षांनी, 1950 साली, हेंच, केंडल आणि स्विस रसायनशास्त्रज्ञ टाडेउश राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं. वैद्यकाच्या इतिहासात इतक्या झटपट नोबेल मिळालेली औषधं फार थोडी. पण त्याच सुरुवातीच्या रुग्णांमध्ये, डोस वाढत गेला तसे, गोल चेहरे आणि कुशिंगने नोंदवलेल्या बाकीच्या खुणाही दिसू लागल्या होत्या. या औषधाचा चमत्कार आणि त्याची किंमत ही पहिल्यापासून जोडीनेच आलेली आहेत.

चट्टे का पडतात हे समजून घेणं अवघड नाही. कातडीच्या आतल्या थराला बळ देणारे कोलॅजनचे धागे सतत तुटत असतात आणि पेशी ते नव्याने विणत असतात. स्टेरॉइड हे विणकाम मंदावतं. कातडी पातळ होते. त्याच वेळी चरबी हातापायांकडून धडाकडे सरकते, म्हणजे पातळ झालेल्या कातडीवर आतून ताण वाढतो. जिथे मुळातच चरबी जास्त आणि ओढ खाली असते तिथे आतला थर फाटतो. वरची कातडी शाबूत राहते, पण तिच्याखालच्या रक्तवाहिन्या दिसू लागतात, म्हणून रंग जांभळा. गर्भारपणातल्या रेषा साधारण बारीक असतात. स्टेरॉइडचे चट्टे एक सेंटिमीटरहूनही रुंद होतात. काळानुसार त्यांचा जांभळा रंग उतरून ते पांढुरके होतात, पण जात नाहीत. कुठलंही क्रीम, कुठलंही तेल त्यांना पुसून टाकत नाही. ज्या वयात स्तन वाढत असतात, म्हणजे अकरा ते सोळा, त्या वयात ही गोळी चालू असेल तर धोका आणखी जास्त, कारण कातडी त्या वर्षांत आधीच ताणली जात असते.

आता ल्युपस झालेली वीस-बावीस वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणा. हा आजार दहा जणांना झाला तर त्यांतल्या नऊ बायका असतात, आणि तो येतो तो साधारण याच वयात. तिच्या किडनीला सूज आहे, प्रेडनिसोलोन मोठ्या डोसमध्ये सुरू झालं आहे. चेहरा सुजला तेव्हा घरच्यांनी विचारलं, डॉक्टरांनी समजावलं, ‘डोस उतरला की चेहरा पूर्ववत होईल’ असा धीर दिला. तिसऱ्या महिन्यात तिला स्तनांवर चट्टे दिसले. ते कुणाला दाखवायचे? आईला सांगितलं तर आई म्हणणार, ‘लग्नाआधी हे काय झालं बाई.’ डॉक्टर पुरुष आहेत, बाहेर रांग आहे, आणि त्यांनी याबद्दल कधी काही म्हटलेलं नाही, म्हणजे हे औषधाने झालं की आजार वाढला की आणखीच काही भयंकर आहे, हेही तिला माहीत नाही. एक गोष्ट तिच्या हातात असते. ती गोळी अर्धी करते. मग एक दिवसाआड घेते. मग बंद करते. घरात कुणाला पत्ता नसतो.

इथेच किरकोळ गोष्ट जिवाशी येते. आपल्या अधिवृक्क ग्रंथी रोज जितकं कॉर्टिसोल बनवतात ते साधारण 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या बरोबरीचं असतं. बाहेरून त्याहून जास्त मिळत राहिलं की तीन-चार आठवड्यांत या ग्रंथी काम थांबवतात. गोळी एकदम बंद झाली तर शरीरात दोन्ही बाजूंनी टंचाई: बाहेरची गोळी नाही आणि आतली ग्रंथी अजून जागी झालेली नाही. थकवा, उलट्या, पोटात कळा, रक्तदाब कोसळणं, आणि त्यात ताप किंवा अपघाताची भर पडली तर मृत्यू. शिवाय ल्युपस पुन्हा उसळतो तो वेगळाच. किडनी प्रत्यारोपण झालेली किशोरवयीन मुलं-मुली गोळ्या चुकवतात त्यामागे चेहऱ्यावरची सूज, मुरमं आणि चट्टे हे एक ओळखीचं कारण आहे, हे त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर जगभर जाणतात. आईने किंवा बापाने दिलेली किडनी आरशातल्या प्रतिबिंबामुळे गमावली जाऊ शकते. याला कोणत्या तोंडाने सौंदर्याचा प्रश्न म्हणायचं?

यावर डॉक्टरांचं ठरलेलं उत्तर असतं: सगळं सांगत बसलो तर लोक घाबरून औषधच घेणार नाहीत. हे उत्तर प्रामाणिक आहे, आणि त्यामागे अनुभवही आहे. पण ते एक गोष्ट विसरतं. पेशंटला हे कळणार आहेच, प्रश्न फक्त कुणाकडून एवढाच. आधी डॉक्टरकडून कळलं तर ती गोष्ट उपचाराचा भाग होते. ‘असं होऊ शकतं, झालं तर मला दाखव, आपण डोस कसा उतरवता येतो ते बघू’ एवढ्या तीन वाक्यांनी पेशंट आणि डॉक्टर एका बाजूला येतात. नंतर आरशाकडून कळलं तर ती फसवणूक वाटते. ज्याने हे सांगितलं नाही त्याने आणखी काय काय लपवलं असेल, असा संशय येतो, आणि तो संशय मग बाकीच्या चार सूचनांवरही पसरतो. न सांगून भीती टळत नाही, भरवसा मात्र जातो.

वेळेचा प्रश्न खरा आहे. सरकारी ओपीडीत सकाळी शंभर-शंभर पेशंट पाहणाऱ्या डॉक्टरला कातडीच्या चट्ट्यांवर दहा मिनिटं बोला असं सांगणं निर्दयपणाचं होईल. पण हे काम त्यानेच केलं पाहिजे असं कुठे आहे? सिस्टर करू शकते, समुपदेशक करू शकते, गोळ्यांच्या पाकिटाबरोबर मराठीत छापलेला एक कागद करू शकतो. आज औषधाच्या खोक्यात जो घडी घातलेला कागद असतो तो इंग्रजीत असतो आणि इतक्या बारीक टायपात की चष्मा लावूनही वाचवत नाही. सुटी दहा गोळ्यांची पट्टी घेणाऱ्याला तोही मिळत नाही.

गोळीपेक्षा मलमाच्या ट्यूबची गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते, कारण गोळीला निदान एक डॉक्टर तरी असतो. मुंबईत किंवा कोकणात मे महिन्यात राहिलेल्या कुठल्याही बाईला विचारा. घाम, दिवसभर अंगाला चिकटलेला ब्लाऊज, घट्ट ब्रा, दोन्ही वेळा गॅससमोर उभं राहणं, पावसाळ्यात न वाळलेले कपडे. स्तनांखालच्या घडीत खाज सुटते, लाल गोल चट्टा पडतो. गजकर्ण. तो पाठीवर किंवा पायावर असता तर तिने कुणाला तरी दाखवला असता. इथला दाखवायचा नसतो. मग मुलाला किंवा नवऱ्याला मेडिकलमध्ये पाठवायचं, ‘खाजेची ट्यूब आण’ एवढंच सांगून. दुकानदार एक ट्यूब देतो. तीत बुरशीवरचं औषध असतं, जंतूंवरचं असतं, आणि बहुतेक वेळा क्लोबेटासोलही असतं.

क्लोबेटासोल हे कातडीवर लावायच्या स्टेरॉइडांपैकी सगळ्यांत जहाल. साध्या हायड्रोकॉर्टिसोनच्या तुलनेत त्याची ताकद सुमारे सहाशे पट मानली जाते. ते सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त आणि आठवड्याला 50 ग्रॅमपेक्षा जास्त लावू नये, आणि काख, जांघ, चेहरा अशा ठिकाणी टाळावं, हा नियम जगभर छापलेला आहे. त्याचं कारणही 1967 सालीच मोजून झालेलं आहे. फेल्डमन आणि माइबाख या संशोधकांनी हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावून आत किती शोषलं जातं ते पाहिलं. हाताच्या पुढच्या भागातून जितकं शिरतं त्याच्या साडेतीन पटींहून जास्त काखेतून, आणि वृषणांच्या कातडीतून बेचाळीस पट. स्तनाखालची जागाही काखेसारखीच, कातडीवर कातडी, मध्ये ओल, हवा नाही. अशा घडीत लावलेलं मलम जणू पट्टीखाली झाकून ठेवलेलं असतं.

दोन दिवसांत खाज थांबते. इथेच घात होतो, कारण थांबते ती फक्त खाज. शरीराची प्रतिकारशक्ती त्या जागी झोपवली जाते आणि बुरशी निर्धास्त पसरते. ट्यूब संपली की खाज दुपटीने परतते, म्हणून दुसरी ट्यूब, मग तिसरी. गजकर्णाची ओळखीची गोल कड पुसट होते, चट्टा पोटाकडे, काखेकडे, पाठीकडे सरकतो. टॉवेल आणि कपड्यांतून घरातल्या बाकीच्यांना लागतो. आणि काही आठवड्यांत त्याच घडीत, स्तनांच्या खालच्या अंगाला, लाल-जांभळ्या भेगा पडतात. बुरशी पुढे योग्य औषधांनी जाईल. भेगा जन्मभर राहतील. गेल्या दशकभरात भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी असे पेशंट इतके पाहिले आहेत की स्टेरॉइडने रूप बदललेलं गजकर्ण असा स्वतंत्र विषयच तयार झाला आहे. या साथीत आढळणाऱ्या एका हट्टी बुरशीला 2020 साली जपानमधल्या संशोधकांनी ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असं नाव दिलं. ती टर्बिनाफिनसारख्या हुकमी औषधालाही अनेकदा दाद देत नाही. एका बुरशीच्या नावात आपल्या देशाचं नाव कोरलं जाणं ही भूषणाची गोष्ट खचितच नाही.

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणता येणार नाही. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यानंतर 2018 साली लावायची 14 स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये टाकली गेली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकणं बेकायदा ठरलं. कागदावर ठरलं. तुमच्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये चिठ्ठी न देता खाजेची ट्यूब मागून बघा, म्हणजे कायदा कुठवर पोचला ते कळेल. कायद्याची अंमलबजावणी व्हायला हवी हे तर खरंच. पण बाई मुळात काउंटरकडे का वळते, हा प्रश्न कायदा सोडवत नाही. ती वळते कारण तिथे कपडे बाजूला करावे लागत नाहीत. आणि डॉक्टरकडे गेली तरी अनेकदा तिथेही करावे लागत नाहीत: ‘कुठे आहे?’ ‘छातीखाली.’ ‘बरं,’ आणि पेन चालू लागतं. न बघता लिहिलेली चिठ्ठी ही शालीनता नव्हे, हे मी जबाबदारीने म्हणतो. एक सिस्टर शेजारी उभी करणं, पडदा ओढणं, ‘ताई, बघितल्याशिवाय मी औषध देणार नाही’ असं सरळ सांगणं, एवढंच लागतं. बघितलं तर कदाचित गजकर्णाबरोबर एखादी गाठही वेळेत हाताला लागेल. भारतातल्या बायकांमध्ये आज सगळ्यांत जास्त आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे, आणि आपल्याकडे तो उशिरा समोर येतो त्यामागे हा संकोचही आहे.

एका देशात स्टेरॉइडने अंग आणि छाती भरण्याच्या परिणामाला कुणी किरकोळ मानलं नाही, उलट पैसे मोजून विकत घेतलं. बांगलादेशात फरीदपूर आणि टांगाईल इथल्या वेश्यावस्त्यांमध्ये कोवळ्या मुलींना ओराडेक्सॉन या नावाच्या गोळ्या दिल्या जातात. त्या म्हणजे डेक्सामेथासोन. ईदच्या बाजारापूर्वी गुरं धष्टपुष्ट दिसावीत म्हणून तिथे हेच औषध जनावरांना चारतात, त्यामुळे ती गायींची गोळी म्हणून ओळखली जाते. उपासमारीतून आलेल्या मुलीचं अंग भरावं, छाती भरावी, ती वयाने मोठी दिसावी, गिऱ्हाइकाला आणि पोलिसाला दोघांनाही, यासाठी मालकिणी त्या गोळ्या सुरू करतात. 2010 साली ॲक्शनएड या संस्थेने याविरुद्ध मोहीम उघडली तेव्हा जगाने ही बातमी वाचली. पाठ्यपुस्तक ज्याला दुष्परिणाम म्हणतं तोच तिथे माल आहे. पुढे मुलीला मधुमेह होतो, रक्तदाब वाढतो, कातडी फाटते, आणि गोळी सोडली की ती कोसळते, म्हणून सोडता येत नाही. आपल्याकडे लग्नाआधी अंग भरायची म्हणून जी पावडर किंवा बिनानावाच्या गोळ्या मिळतात, त्यांतही डेक्सामेथासोन सापडतं. तिथल्या मालकिणीची क्रूरता त्यात नाही, पण मुलीला न सांगता तिच्या शरीरावर केलेला सौदा तोच आहे.

आता दुधाकडे येतो, कारण इथे दोष औषधाचा असतो आणि बोल आईला लागतो. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड इथे ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करत होते. स्टेरॉइड टोचल्यावर दिवस भरायच्या आधी जन्मलेलं एक कोकरू जगलं, श्वास घेऊ लागलं, हे पाहून त्यांना सुचलं की गर्भाची फुप्फुसं या औषधाने लवकर तयार होत असावीत. रॉस हाउई यांच्याबरोबर केलेला माणसांवरचा अभ्यास त्यांनी 1972 साली प्रसिद्ध केला. कळा लवकर सुरू झालेल्या आईला बेटामेथासोनची दोन इंजेक्शनं द्यायची, एवढा साधा उपाय. त्याने किती अपुऱ्या दिवसांची बाळं वाचली याचा हिशेब मांडणं कठीण. आपल्याकडे डेक्सामेथासोनची चार इंजेक्शनं देतात, आणि ती दिलीच पाहिजेत.

पण पुढचा भाग आईला सांगितला जात नाही. दूध तयार व्हायला प्रोलॅक्टिन, इन्सुलिन आणि कॉर्टिसोल तिन्ही लागतात, तेही ठरावीक क्रमाने आणि ठरावीक वेळी. बाळंतपणाच्या आधी बाहेरून स्टेरॉइड आलं की हा क्रम थोडा ढळू शकतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 साली दाखवलं की 34 आठवड्यांच्या आत बाळंत झालेल्या ज्या स्त्रियांना बेटामेथासोन देऊन तीन ते नऊ दिवस झाले होते, त्यांचं पहिल्या दिवसांतलं दूध कमी होतं. दूध येतच नाही असं नव्हे. पान्हा उशिरा फुटतो. आता प्रसूतिगृहातलं दृश्य आठवा. बाळ काचेच्या पेटीत, आई टाक्यांच्या वेदनेत, तिसरा दिवस, दूध थेंबभर. सासू म्हणते, ‘हिच्या अंगावर दूधच नाही.’ आई हिरमुसते, वरचं दूध सुरू होतं, आणि मागणी नसली की दूध खरोखरच आटतं. त्या आईला इंजेक्शन देतानाच जर कुणी सांगितलं असतं की दूध दोन-चार दिवस उशिरा येऊ शकतं, तोवर पहिल्या काही तासांपासून दर दोन-तीन तासांनी हाताने चीक काढत राहा, थेंब आला तरी चालेल, तर चित्र वेगळं झालं असतं. मधल्या दिवसांसाठी दुसऱ्या आईचं दूध मिळू शकतं. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी 1989 साली मुंबईतच, सायन हॉस्पिटलमध्ये, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. एवढी सोय उभारणाऱ्या शहरात आईला ते एक वाक्य मिळू नये, याची मला खंत वाटते.

उलट बाजूची भीतीही तितकीच घातक आहे. दम्यासाठी किंवा ल्युपससाठी प्रेडनिसोलोन घेणाऱ्या बाळंतिणीला शेजारीपाजारी आणि कधी कधी डॉक्टरही सांगतात, अंगावर पाजू नकोस, बाळाला औषध जाईल. जातं, पण किती? आईला दिवसाला 80 मिलिग्रॅम इतका मोठा डोस असला तरी दुधातून बाळाला मिळणारा अंश त्याच्या स्वतःच्या शरीरात रोज तयार होणाऱ्या कॉर्टिसोलच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असतो. पाजायला हरकत नाही. गोळीपेक्षा सावध राहायचं ते स्तनाग्रांवर लावायच्या मलमाबाबत, कारण ते सरळ बाळाच्या तोंडात जातं. भेगांसाठी स्तनाग्रांवर जहाल स्टेरॉइड मलम जन्मापासून लावलं गेलं आणि दोन महिन्यांच्या बाळाचा रक्तदाब भयंकर वाढला, वाढ खुंटली, असं एक प्रकरण 1983 साली नोंदलं गेलं आहे. म्हणजे ज्याची धास्ती आहे ती गोळी बरीचशी निर्धोक, आणि जी ट्यूब कुणी जमेत धरत नाही ती धोक्याची. खरी माहिती नसली की भीतीही चुकीच्या जागी बसते.

स्टेरॉइड स्तनाच्या एका आजारावर उपचार म्हणूनही वापरतात, हे इथे सांगायला हवं. ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस या आजारात तरुण स्त्रीच्या स्तनात कठीण, दुखरी गाठ होते, पू होतो, ती कर्करोगासारखी भासते. तिच्यावर प्रेडनिसोलोन अनेकदा गुणकारी ठरतं. पण क्षयाची गाठही हुबेहूब अशीच दिसू शकते, आणि आपल्या देशात क्षय कधीही मनातून काढून टाकता येत नाही. तुकडा तपासल्याशिवाय स्टेरॉइड सुरू केलं तर क्षय उफाळतो. शिवाय हे औषध ताप आणि वेदना दाबतं, त्यामुळे आत पू साठत असतानाही बाईला बरं वाटू शकतं.

पुरुषांबद्दल थोडक्यात. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या पुरुषाच्या छातीवर चरबी साठते, टेस्टोस्टेरॉनही उतरू शकतं. तो बनियनवर बसणं सोडतो, तलावात उतरणं सोडतो, आणि कुणाला सांगत नाही. यात एक गोंधळ कायम होतो. जिममध्ये शरीर कमावण्यासाठी टोचतात ती स्टेरॉइडं वेगळी. ती पुरुषी हार्मोनच्या जातीची, आणि त्यांचं काही प्रमाणात शरीरातच इस्ट्रोजेन होतं म्हणून मुलांच्या छातीत खरोखर स्तनाची गाठ वाढते. नाव एक असल्यामुळे दम्याचा पंप घेणाऱ्या मुलाचा बाप जिमच्या गोष्टी ऐकून घाबरतो आणि पंप बंद करतो. पंपातून जाणारा डोस गोळीच्या मानाने खूपच कमी असतो, आणि पंप सोडल्याने दम्याचा झटका येऊन माणसं मरतात.

म्हणून मी स्टेरॉइडविरुद्ध लिहीत नाही आहे, हे स्पष्ट करतो. जून 2020 मध्ये इंग्लंडमधल्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं की व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांत रोज 6 मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने मृत्यू एक तृतीयांशाने घटतात. काही रुपयांचं औषध. पुढच्याच वर्षी महाराष्ट्राने काळ्या बुरशीची साथ पाहिली. अनियंत्रित मधुमेह आणि गरजेबाहेर दिलेली स्टेरॉइडं ही तिची दोन मोठी कारणं होती. इतकं बलवान औषध हातात असलेल्या समाजाने त्याबद्दल संपूर्ण बोलायला शिकलं पाहिजे, लाजेचे अवयव वगळून नव्हे.

डॉक्टरांना माझी विनंती आहे की प्रेडनिसोलोन लिहिताना चेहऱ्याबरोबर छातीचंही नाव घ्या, आणि दर तिसऱ्या भेटीला ‘अंगावर कुठे चट्टे, खाज, दुखणं?’ एवढं विचारा. मेडिकलवाल्यांना विनंती की खाजेची ट्यूब मागायला आलेल्या मुलाच्या हाती क्लोबेटासोल देऊ नका. आईला दवाखान्यात घेऊन जा म्हणून सांगा. आणि ही गोळी घेणाऱ्या ताईंनो, स्तनांवर चट्टे दिसले तर गोळी थांबवू नका, डॉक्टरांना दाखवा. डोस कमी करण्याचे, जोडीला दुसरं औषध देऊन स्टेरॉइड उतरवण्याचे मार्ग आहेत, पण ते ठरवून, पायरीपायरीने करायचे असतात. मात्र स्तनात गाठ हाताला लागली, स्तनाग्र आत ओढलं गेलं, त्यातून रक्त आलं किंवा कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली, तर तेही स्टेरॉइडमुळेच असेल असं समजून घरी बसू नका. त्याच आठवड्यात सर्जनना दाखवा.